सरकारी पोळा

कचेरीत मला ‘यादीबाई’ म्हणायचे. तोंडावर नाही; पण कपाटामागे बोललेलं कपाटापुढे ऐकू येतंच. त्यात वाईट वाटण्यासारखं मला काही दिसलं नाही. मी बाजाराला जाताना यादी करते, माहेरी जाताना यादी करते. धाकट्या बहिणीच्या लग्नात वऱ्हाडाच्या चपलांचीसुद्धा केली होती, आणि त्या लग्नात एकाचीही चप्पल हरवली नाही. तेव्हा मी कुठे रुजू झाले, बदली कुठे झाली, बढती कधी मिळाली, हे इथे सांगत बसत नाही. ते सेवापुस्तकात क्रमवार आहे. मी सांगणार आहे ते बहात्तरच्या दुष्काळातलं, आणि त्यातलंही मुख्यतः एकाच गावाचं. त्या गावाने मला जे दिलं ते कुठल्या रकान्यात मांडायचं हे अजून ठरलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तेव्हा मी संगमनेरच्या बाजूच्या एका कचेरीत जनावरांच्या टेबलावर होते. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. कडब्याची पेंढी सोन्यासारखी जपून सोडायची वेळ आली होती. खाली प्रवरेच्या काठाला ऊस होता, त्याचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, ट्रक भरून वर पठारावर जायचं आणि फाट्यावर उतरायच्या आत संपायचं. अशा वेळी सरकारने जनावरांच्या चाऱ्यासाठी तातडीची मदत काढली. रोख रक्कम, चावडीवर, समक्ष.

मदत वाटणं बाहेरून सोपं दिसतं. सरकार पैसे देतं, शेतकरी अंगठा उठवतो. पण अंगठ्याच्या आधी तीन प्रश्न असतात. जनावर आहे का? कोणाचं आहे? आणि हेच जनावर दुसऱ्या कोणी दुसऱ्या गावात दाखवलेलं नाही ना? पहिल्या प्रश्नाला डोळे पुरतात. दुसऱ्याला तलाठी पुरतो. तिसऱ्याला कोणीच पुरत नाही.

एका गृहस्थाने तर एकच म्हैस तीन वाड्यांवर तीन नावांनी दाखवली. पहिल्या दोन ठिकाणी मी तिला माझ्या पिशवीतल्या भाकरीचा तुकडा दिला होता. तिसऱ्या वाडीवर तिने मला लांबून पाहिलं आणि दावं ताणून सरळ माझ्या पिशवीत तोंड घातलं. मी त्या गृहस्थाकडे नुसतं पाहिलं.

“बाई,” तो म्हणाला, “ती समद्यांशीच अशी वागती.”

त्याच्यावर मी ओरडले नाही. तिसऱ्या वाडीची नोंद खोडली आणि म्हशीला उरलेली भाकरी दिली. तिचा त्यात काही दोष नव्हता.

त्याच मदतीच्या परिपत्रकात अगदी शेवटी एक ओळ होती: मधमाश्या पाळणाऱ्यांस पेटीमागे साखर व काही रोख द्यावी. पाऊस नाही म्हणजे फूल नाही, फूल नाही म्हणजे मधमाशीची उपासमार. तेव्हा साखरेचं पाणी ठेवून तिला जगवायची. साखर तेव्हा रेशनवर होती. माणसांना पुरत नव्हती. त्यामुळे आमच्या कचेरीत या ओळीवर फार विनोद झाले. माश्यांची कार्डं कुठल्या रंगाची काढायची इथपासून सुरुवात होती.

आमच्याकडे असा अर्ज करणारा एकच माणूस निघाला. बोरखडकचे कोंडाजीबाबा. बोरखडक म्हणजे पठाराच्या अगदी टोकाचं गाव. एसटी फाट्यावर सोडते, पुढे पायी. बाबांच्या पेट्या गावाबाहेर एका कपारीच्या सावलीत मांडलेल्या होत्या. छापील नमुना जनावरांचाच होता. त्यात रंग, वय, शिंगे असे रकाने होते. शिंगांपुढे मी ‘नाहीत’ लिहिलं आणि म्हटलं, “बाबा, झाकण उघडा. आत माश्या आहेत का बघायला हवं.”

“उघडू नगा. उपाशी हायत, चिडत्याल. कान लावा.”

“कान?”

“लावा तर.”

मी गुडघे टेकून पेटीला कान लावला. शेजारच्या घरात पहाटे जातं फिरत असावं तसा आवाज येत होता. दुसरीलाही तसाच. एका पेटीत मात्र काहीच नव्हतं. मी पुन्हा कान लावला, दुसऱ्या बाजूने लावला.

“ती गेली,” बाबा म्हणाले. “तिची साखर लिहू नगा.”

त्या वर्षी हे वाक्य माझ्या कानावर फार वेळा पडलं नाही, म्हणून ते माझ्या चांगलं लक्षात आहे. खात्री कशी केली या रकान्यात मी ‘कान लावून’ असं लिहिलं. आमच्या साहेबांनी, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांनी, कागद वर करून माझ्याकडे पाहिलं. साहेब कडक होते, पण ऐकून घेणारे होते.

“बाई, सरकारी कागदावर हे काय?”

“खात्री झाली, साहेब.”

त्यांनी सही केली. “उद्या बैलाच्या पोटाला कान लावू नका, म्हणजे झालं.”

बैलांसाठी कानाची गरज पडणार नव्हती, कारण वरून खुणेचा हुकूम आला होता. ज्याची मोजणी झाली त्या जनावराच्या डाव्या शिंगावर डांबराचा पट्टा ओढायचा. पैसे वाटताना पट्टा दिसला तरच द्यायचे, आणि एका घराला एकाच जोडीचे द्यायचे. मला हा हुकूम फार आवडला. डांबर पाण्याने जात नाही, उन्हाने जात नाही, आणि एका गावचा बैल दुसऱ्या गावात गेला तरी शिंग बरोबर घेऊनच जातो.

श्रावणात मी डांबराचा डबा घेऊन बोरखडकला गेले. पट्टे ओढता ओढता गावाच्या खालच्या अंगाला हौसाबाईच्या गोठ्यात पोचले. हौसाबाई माझ्याहून लहान. तिचा नवरा किसन आदल्या वर्षी काविळीने गेला होता. मूलबाळ नव्हतं. वाटणी नवऱ्याच्या हयातीतच झालेली, त्यामुळे रान तिच्या नावावर होतं, आणि गोठ्यात एक जोडी होती, मोऱ्या आणि तांब्या. दोघांच्या फासळ्या दिसत होत्या, पण अंग खरारा केलेलं होतं. फाट्यावरून वाढ्याचा भारा ती स्वतः डोक्यावर आणायची.

“डांबर बेतानं लावा बाई,” ती म्हणाली. “तांब्याला वास सोसत न्हाई.”

तांब्याने डोळे मिटून घेतले आणि मी पट्टा ओढला.

“येपारी दर बाजाराला येतोय,” ती आपणहून सांगायला लागली. “दर बाजाराला भाव उतरवतोय. त्याला म्हनलं, पोळा होऊ दे. पोळ्याच्या आदी बैल इकत्यात व्हय? पर पोळा झाल्यावर काय सांगू? मदत कवा येती बाई?”

“पोळा झाला की लगेच.”

“मग ठीक हाय. म्होरल्या बाजारापातूर दम धरते.” तिने तांब्याच्या पाठीवर हात ठेवला. “जोडी हाय तवर माझं औत हाय. जोडी गेली की रान भावजींच्या औताखाली जाईल. भावजी वाईट न्हाईत. पर मग मी त्यांच्या घरातली एक भाकर वाढीव.”

भावजी म्हणजे तिचा थोरला दीर, भिवा. शेजारचंच घर. मी तिथे गेले तेव्हा तो आपल्या जोडीला धरून आधीच उभा होता. अंगाने रुंद, बोलायला कमी. “हौसाचं झालं का?” एवढंच त्याने विचारलं.

पोळा झाला. पैसे आले. साहेब स्वतः जीप घेऊन निघाले, मी मागे बसले, मांडीवर रकमेची पेटी आणि त्यावर यादी. चावडीपुढे सगळा गाव जनावरं घेऊन उभा होता. जीप थांबली आणि साहेब उतरले, आणि मी उतरले, आणि दोघंही तिथेच उभे राहिलो.

समोर शिंगंच शिंगं होती, लालभडक. वाळलेल्या अंगांवर, खपाटीला गेलेल्या पोटांवर, कुंकवासारखी लाल, चकचकीत, गुळगुळीत शिंगं. डांबराचा एक ठिपका कुठे शिल्लक नव्हता.

“पाटील,” साहेब म्हणाले, “पट्टे कुठे आहेत?”

पोलीस पाटील म्हातारे होते, फेटा नीट बांधलेला. त्यांना प्रश्नच कळला नाही. “पट्टे? तासले की.”

“तासले?”

“पोळ्याला शिंगं तासत्यात साहेब. काचेनं तासायची, मग हिंगूळ लावायचा. डांबर लावलेलं शिंग घेऊन बैल मारुतीला न्यायचा व्हय?”

“अहो, दुष्काळ आहे. आम्हाला वाटलं यंदा पोळा...”

“झूल न्हवती. पुरन न्हवतं. घुंगरं बी न्हवती, गेल्या साली मोडली. पर शिंग तासाया पैका लागत न्हाई साहेब. फुटकी बाटली लागती.”

पोळ्याला शिंगं तासतात हे हुकूम काढणाऱ्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि माझ्या तर माहेरी बैल होते.

साहेबांनी नियम सांगितला: पट्टा नाही तर पैसे नाहीत. पुन्हा मोजणी करायची तर तलाठी हवा, आणि तलाठी खडी फोडण्याच्या कामावर हजेरीला नेमलेला. त्यातून साहेबांना संशय होता तो वेगळाच. त्यांनी माझ्या यादीवर नजर फिरवली आणि मैदानावर फिरवली.

“बाई, यादीपेक्षा बैल जास्त दिसतात.”

ते खरं होतं. मदत येणार हे कळल्यावर पाहुण्यांची जनावरं गावोगाव येत होती. मेहुण्याचा बैल, व्याह्याची गाय. डांबर असतं तर त्यांना बाजूला करणं सोपं होतं. आता सगळ्यांची शिंगं सारखीच लाल होती.

“पैसे परत न्यावे लागतील,” साहेब हळू आवाजात म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना वाईट वाटत होतं, आणि त्यामुळे ते जास्तच सरळ उभे होते.

हौसाबाई गर्दीत मागे उभी होती. तिची जोडी मात्र तिच्या हातात नव्हती. आपली जोडी एका हातात आणि तिची दुसऱ्या हातात धरून भिवा पुढे उभा होता. पुढचा बाजार परवा होता.  तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

तेवढ्यात कडेला दोन माणसांचं भांडण पेटलं. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, “पोळ्याला माझ्या म्होरं घुसलास कसा? तुजा बाप कवा माझ्या बापाच्या म्होरं हुता का?” दुसरा शपथेवर सांगत होता की त्याचा बैल बुजला म्हणून पुढे गेला. आजूबाजूचे चार जण साक्षीला सरसावले. कुणाचा बैल कुणाच्या मागे, त्याच्या मागे कोण, सगळं घडाघडा निघायला लागलं.

कोंडाजीबाबा आपल्या साखरेच्या चिठ्ठीसाठी चावडीच्या कट्ट्यावर येऊन बसले होते. त्यांना पाहिलं आणि मला ती पेटी आठवली. इथेही झाकण उघडायला नको होतं. कान लावायला हवा होता.

मी पाटलांना विचारलं, “वेशीतून बैल जातात तेव्हा प्रत्येकाची जागा ठरलेली असते?”

“असती म्हंजे? पिढीजात. जागेवरनं डोकी फुटल्यात आमच्यात.”

“आणि बाहेरगावचा बैल मध्ये घुसला तर?”

पाटलांना हसू आलं. “घुसंल कुठं? जागा असंल तर घुसंल.”

मी साहेबांकडे वळले. “साहेब, पुन्हा एकदा बैल वेशीतून जाऊ द्या. पोळ्याला जातात तसे, त्याच क्रमाने. माझी यादी तुमच्या हातात घ्या. पाहुण्यांच्या बैलाला इथे उभं राहायला जागाच नाही.”

साहेब कपाळाला आठ्या घालून वेशीकडे पाहायला लागले. गावालाही ते पसंत पडलं नाही. पोळा वर्षातून एकदाच, अशी कुजबुज सुरू झाली.

“पूजा नाही, तोरण नाही,” मी म्हटलं. “नुसतं चालायचं.”

“मग व्हय म्हना,” पाटील गावाला म्हणाले. “नुसतं चालायला काय जातंय?”

साहेबांनी यादी हातात घेतली. एक अडचण मात्र त्यांच्या लगेच लक्षात आली. त्यांनी भिवाकडे बोट केलं. “याच्या हातात दोन जोड्या आहेत.”

“एक हौसाची हाय,” भिवा म्हणाला.

“वेशीतून तूच नेलीस ना?”

“म्याच नेली. किसन गेल्यावर कोन नेनार?”

“मग मी क्रमाने खात्री करायची तर दोन्ही जोड्या तुझ्या होतात. एका घराला एकच जोडी मिळेल.”

भिवाचं तोंड उतरलं. त्याने भावाच्या जागी भावाची जोडी नेली होती, ती मानाने, बिनबोभाट. त्याच चांगुलपणामुळे आता हौसाबाईची जोडी यादीतून पुसली जाणार होती.

हौसाबाई पुढे आली. डोक्यावरून पदर, नजर खाली, पण आवाज सरळ. “भावजी, कासरा द्या. माजी जोडी मी नेते.”

 पोळ्याला वेशीतून बाई कासरा धरून जात नाही. बाई ताट घेऊन कडेला उभी असते.

“मी हाय ना,” भिवा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गाव म्हणेल, भिवाने भावजयीला उघड्यावर आणलं, ही भीती होती.

“तुमी हाय म्हनून तर जोडी आजवर ऱ्हायली. पर साहेबांना तुमी एकच दिसताय.”

“पोळ्याला बाई चालत न्हाई,” मागून कोणीतरी म्हणालं.

“देवाचा पोळा त्या दिशी झाला,” हौसाबाई म्हणाली. “ह्यो सरकारचा हाय. सरकारच्या पोळ्याला चालती की.” तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. “यादी कराया बाई चालली. डांबर लावाया चालली. तवा कुनी बोललं न्हाई.”

 मी साहेबांच्या हातातल्या यादीवर नजर ठेवली.

पाटील फेट्याखालून कपाळ खाजवत होते. तेव्हा कट्ट्यावरून कोंडाजीबाबा खाकरले. “पाटील, माझ्या पेटीत समदा कारभार बाईचा हाय. गडी नुसतं बसून खात्यात. सरकारनं साखर दिलीच न्हवं?”

“आनि गड्यांचं काय करत्यात त्या?” कोणीतरी विचारलं.

“दुष्काळात? भाईर काढत्यात.”

गाव हसलं. पाटीलही हसले, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणणं अवघड झालं. “चला, वेशीत चला,” ते म्हणाले. भिवाने तिचा कासरा तिच्या हातात दिला. तो हसला नव्हता.

आम्ही वेशीच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिलो, साहेब यादी घेऊन, मी पेन घेऊन. कोतवाल वेशीत उभा. पोळ्याला तो एकेकाचं नाव पुकारतो आणि जोडी पुढे येते. आजही तसंच करायचं ठरलं.

पहिलं नाव पाटलांचं. जोडी गेली, मी खूण केली. दुसरं, तिसरं. ज्यांचं मघा भांडण झालं होतं ते एकामागे एक मान वळवून गेले. पाहुण्यांची जनावरं मैदानातच राहिली. त्यांना कोणी हाकललं नाही. नाव पुकारलंच जात नव्हतं, तेव्हा त्यांचे मालक आपणच एक एक करून मागे सरकले आणि बाभळीखाली जाऊन बसले.

मग कोतवालाने केरबाचं नाव पुकारलं. साठीचा, वाकलेला माणूस. वेशीतून तो एकटाच आला. हातात रिकामा कासरा होता.

“जनावर कुठे आहे?” साहेबांनी विचारलं.

“इकलं साहेब. आखाडातच.”

“मग तू कशाला आलास? विकलेल्याचे पैसे मिळणार नाहीत.”

“पैशासाटी न्हाई आलो,” केरबा म्हणाला. “जागा माजी हाय.”

तो आमच्या पुढून गेला, रिकाम्या कासऱ्याने, बैलाच्या चालीने, सावकाश. साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. मग यादी माझ्या हातात दिली. “बाई, यापुढे मी तपासत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही नुसती खूण करा.”

केरबासाठी मला यादीत काही लिहिता आलं नाही. मदत दोन महिने आधी निघाली असती तर त्याची जोडी त्या कासऱ्याला असती. त्या वर्षाची माझी खंत विचारली तर ती एवढीच आहे, आणि ती मोठी आहे.

पुढे भिवा. एकच जोडी घेऊन तो आला. वेस ओलांडून तो नेहमीसारखा पुढे गेला नाही, कडेला थांबला. त्याच्या मागची जागा किसनची.

कोतवालाने तोंड उघडलं आणि मिटलं. गेल्या वर्षापर्यंत इथे तो किसनचं नाव घेत होता. यंदाच्या पोळ्याला त्याने इथे कोणाचंच नाव घेतलं नव्हतं, कारण दोन्ही जोड्या भिवाबरोबर गेल्या होत्या. आता वेशीच्या आत हौसाबाई उभी होती, दोन्ही हातांत कासरे, आणि नाव पुकारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही ही रीत तिलाही माहीत होती. मोऱ्याने मान झटकली. कोतवाल पाटलांकडे बघत होता, पाटील साहेबांकडे, आणि साहेब माझ्याकडे. माझ्या हातात नाव होतं, पण ते मी पुकारून चालणार नव्हतं. मी गावातली नव्हते.

वेशीच्या अलीकडून भिवाचा आवाज आला. अंगासारखाच रुंद आवाज, शिवारात बैलांना हाक द्यावी तसा.

“हौसाबाई. तिची जोडी हाय. येऊ द्या.”

“हौसाबाईची जोडी,” कोतवालाने जोरात पुकारलं.

ती आली. मोऱ्या एकीकडे, तांब्या दुसरीकडे, मधे ती, आणि चारी शिंगं लाल. माझ्यापुढून जाताना तांब्याने नाक फेंदारलं. बहुतेक मला अजून डांबराचा वास येत असावा. मी खूण केली. साहेब म्हणाले, “पुढे.”

दुपारी चावडीत पैसे वाटले. हौसाबाईने अंगठा उठवला, नोटा मोजल्या नाहीत, पदरात बांधल्या. बाहेर भिवा उभा होता. “फाट्यावर ट्रक येनार हाय,” तो तिला म्हणाला. “माज्या गाडीत दोघांचं वाढं आनू.”

“माजा भारा माजा,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पर गाडीत टाका.”

अहवालात साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘खूण नष्ट झाल्याने ग्रामप्रथेनुसार खात्री केली.’ वरून त्यावर काही विचारणा आली नाही. एक मात्र झालं. आमच्या भागात दुसऱ्या फेरीला डांबर बंद झालं, आणि पट्टे तासलेल्या बाकीच्या गावांतही आम्ही वेशीवर उभं राहून वाटप केलं. सगळीकडे इतकं सरळ गेलं नाही. एका गावात आधी जागेचं भांडण मिटवायला अख्खा दिवस गेला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. पोळ्याच्या आधी कोंडाजीबाबा कचेरीत आले. माझ्या टेबलावर त्यांनी मधाची बाटली ठेवली आणि म्हणाले, “पोळ्याच्या दुसऱ्या दिशी या. सरकारी पोळा हाय.”

“बाबा, यंदा मदत नाही. सरकारचा काही कार्यक्रम नाही.”

“सरकारचा नसंल. आमचा हाय.”

रजा टाकून गेले. फाट्यापासून चालत गेले तर दोन्ही बाजूंना बाजरी उभी. वेशीत तोरण आदल्या दिवशीचं, तुटलेलं, तसंच लोंबत होतं. देवाचा पोळा झाला होता, आणि तो रीतीप्रमाणेच झाला होता. हौसाबाईची जोडी भिवानेच नेली होती. पण दुसऱ्या दिवशी सगळा गाव पुन्हा वेशीत जमला होता. पाटलांनी मला समजावून सांगितलं, जणू हे आजा-पणजापासून चालत आलं होतं: पहिल्या दिवशी देवाचा, दुसऱ्या दिवशी सरकारचा. सरकारच्या पोळ्याला ज्याची जोडी त्याने न्यायची. बाई असली तर बाईने.

हौसाबाईची जोडी आली तेव्हा कोतवाल अडखळला नाही. मोऱ्या-तांब्या भरले होते. तिच्यामागे आपापली जोडी धरून आणखी दोन बायका होत्या, त्यांची नावं मला माहीत नव्हती. ती मी विचारून घेतली. केरबाच्या कासऱ्याला एक गोऱ्हा होता, अजून शिंगं फुटायची होती. फुटायची होती त्या जागी केरबाने हिंगुळाचे दोन ठिपके लावले होते.

रांग संपली असं वाटलं. मी निघायच्या तयारीत होते. तेव्हा कोतवालाने पुन्हा पुकारलं.

“कचेरीच्या बाई.”

लोक हसत माझ्याकडे वळले. मी म्हटलं, “अहो, माझ्याकडे जनावर कुठे आहे?”

“मागल्या साली केरबाकडं तरी कुठं हुतं?” पाटील म्हणाले. “तुमची जागा शेवटची हाय. चला.”

मी पिशवी कोंडाजीबाबांकडे दिली, चपला काढल्या आणि वेशीतून चालत गेले. पलीकडे हौसाबाई जोडी थोपवून माझ्यासाठी उभी होती. या वर्षी सरकारी पोळ्याला पुन्हा जाऊन आले. जागा अजून तीच आहे, शेवटची.